पोटरीवरची लाल रेघ

उइटहॉर्न,
सोमवार, ३ मार्च २०२५

श्रीमती मंजूषाताई यांसी,
सुहासिनीचा सा. न. वि. वि.

विहिणीचं पत्र आलं म्हणून दचकू नका, मानपानाचं काही राहिलेलं नाही. कागदावर लिहून, फोटो काढून तुमच्या व्हॉट्सॲपवर टाकते आहे. फोनच केला असता, पण या घरात मी खाली स्वयंपाकघरात शिंकले तरी वर माळ्यावरून अश्लेषा काय झालं म्हणून विचारते. आणि तुम्ही तर फोन कायम स्पीकरवर ठेवता! मला जे सांगायचंय ते फक्त तुम्हालाच सांगायचंय.

आधी बाकीची खबर. तुमची सून आणि माझी लेक मजेत आहे. आठवा संपला तरी सायकलवर बसून भाजी आणायला जाते. पहिल्या दिवशी मी किंचाळलेच. राजसरावांनी मला शांतपणे समजावलं, की सुईणबाईंची परवानगी आहे. इथे डच भाषेत सुईणीला जे म्हणतात ते माझ्या जिभेला वळत नाही, म्हणून मी आपलं सुईणबाईच म्हणते. चांगली सहा फुटी बाई आहे, तीही सायकलवरच येते. बाळंतपण घरीच करायचं ठरलंय हे तुम्हाला ठाऊक होतं म्हणे. मला मात्र इथे उतरल्यावर सांगितलं! वरच्या खोलीतल्या पलंगाला खालून ठोकळे लावून तो उंच केलाय. कशाला, तर सुईणबाईंची कंबर दुखू नये म्हणून. जिची कंबर मोडणार आहे तिचं कुणी काही बोलत नाही.

पुण्यात आमचे प्रतापराव एकटे पोळी-भाजीचं केंद्र सांभाळताहेत. रोजच्या पोळ्या वेळेवर जातात म्हणतात, पण भाजीचं विचारलं की फोनला रेंज नसते.

आता मुद्द्याचं. पंचवीस वर्षं पोळी-भाजी केंद्राच्या ओट्यापाशी उभं राहून माझ्या डाव्या पोटरीच्या शिरा फुगल्यात. हिरव्या-निळ्या, गाठीगाठींच्या. दिसायला वाईट, पण त्यांनी कधी त्रास दिला नाही. विमानातून उतरले आणि आठवड्याभरात त्यातली एक लाल झाली. हात लावला तर गरम, आणि आत सुतळी भरल्यासारखी कडक. ठणकते, जिना चढताना जास्तच. बाळ-बाळंतिणीच्या मालिशीसाठी तिळाचं तेल आणलंय, तेच कोमट करून अंघोळीनंतर मी रोज चांगली रगडून चोळते. पण बसत नाही मेली.

अश्लेषाला गुडघा धरलाय म्हणून सांगितलंय. खरं कळलं तर दोघं घाबरतील आणि मला पहिल्या विमानाने प्रतापरावांकडे रवाना करतील. बाळंतपणाला मी आणि मे महिन्यात तुम्ही, असं आपलं ठरलेलं आहे. माझी पाळी हुकली तर तुमची बॅग भरलेलीच असेल, होय ना? गंमत केली हो. पण तुमच्या घरात आजारपणं फार झाली, तुम्हाला कळतं, म्हणून विचारते. काही घरगुती उपाय असेल तर कळवा. मुलांना एक शब्द कळवायचा नाही, तुम्हाला माझी शपथ आहे.

इतकं वाचून झालं की फोटो पुसून टाका. लोभ मात्र पुसू नका.

आपली,
सुहासिनी


नाशिक,
मंगळवार, दि. ४ मार्च २०२५

सौ. सुहासिनीताई यांसी,
मंजूषाचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपले पत्र पोचले, दोनदा वाचले. बॅग भरलेली नाही. ती माळ्यावर आहे आणि तिच्यात लोकरीचे कपडे आहेत. आपण गंमत केलीत हे समजले, तरी नोंद घेतली आहे. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून जन्म गेला, नोंद घेतल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा भाचा कुणाल इथे डॉक्टर आहे, हे आपणांस माहीत आहे. एका ओळखीच्या बाईंची तक्रार म्हणून त्याला विचारले. नाव सांगितले नाही. त्याने जे सांगितले ते जसेच्या तसे कळवते.

पायात दोन तऱ्हेच्या शिरा असतात. काही कातडीच्या लगेच खाली, काही खोल मांसात. फुगलेल्या शिरेत रक्त साचून राहते. त्यात लांबच्या विमानात पाय लोंबकळत ठेवून बसले की वरच्या शिरेत रक्ताची गुठळी होते आणि शीर सुजते. लाल, गरम, दोरीसारखी कडक, म्हणजे आपण लिहिले आहे तसेच. एरवी हे दुखणे त्रासाचे असले तरी जिवावरचे नसते. पण गुठळी लांबत वर सरकली, तर जिथे ही शीर खोल शिरेला मिळते तिथवर जाऊ शकते. खोल शिरेतली गुठळी सुटली तर थेट फुप्फुसात. म्हणून किती लांब आहे आणि कुठवर पोचली आहे ते डॉक्टरने पाहावेच लागते. घरी बसून कुणाला सांगता येत नाही, अगदी कुणाललाही नाही.

चोळणे ताबडतोब बंद करा. तेल बाळासाठी ठेवा. थंड पाण्याची घडी ठेवली तर चालेल. दिवसभर पडून राहू नका, घरात चालत राहा, बसताना पाय उंच ठेवा. सबंध पाय सुजला, धाप लागली किंवा छातीत दुखले, तर शपथ-बिपथ गुंडाळून त्या क्षणी राजसला हाक मारायची. हे मी सांगत नाही, बजावते आहे.

आणि घरगुती उपायाचे म्हणाल, तर घरात दोन मोठी माणसे आहेत, त्यांना सांगणे हाच उपाय. शनिवारपर्यंत आपण सांगितले नाहीत, तर मी सांगेन. आपली शपथ मी घेतलेली नाही. आपण ती एकतर्फी घातली आहे.

प्रतापरावांना नमस्कार कळवा. स्नेह आहे म्हणूनच एवढे कडक लिहिले, तो तसाच राहावा.

आपली,
मंजूषा


उइटहॉर्न,
शुक्रवार, ७ मार्च २०२५

श्रीमती मंजूषाताई यांसी,
सा. न. वि. वि.

अहो, पत्र आहे की नोटीस! मुदत काय, बजावणं काय! तुमच्या कचेरीत लोक कसे थरथरत असतील ते कळलं मला.

चोळणं बंद केलंय. फ्रीजरमधली मटारची पिशवी फडक्यात गुंडाळून लावते, बरं वाटतं. परवा अश्लेषाने मटार उसळ कर म्हटलं तेव्हा काय पंचाईत झाली म्हणून सांगू! पोटरीला लावलेले मटार जावयाला कसे घालू? ते लपवले आणि उसळीसाठी दुसरी पिशवी आणायला लंगडत दुकानात गेले. परत येताना ट्रामच्या थांब्यावर बसून घेतलं. शेजारी एक डच आजोबा होते. त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं, मग स्वतःची पँट वर करून पायातला गुडघ्यापर्यंतचा घट्ट मोजा दाखवला आणि बरंच काही सांगितलं. मला अक्षर कळलं नाही. मी आपली हसले आणि उठले.

आता खरं सांगते, पण ओरडू नका. ती लाल रेघ गुडघ्याच्या वर आली आहे. आतल्या बाजूने, मांडीवर चार बोटं. धाप नाही, छातीत काही नाही, सूज तेवढ्यापुरतीच. म्हणजे तुमच्या कुणालच्या यादीतलं काहीच नाही. मग अजून थोडे दिवस कळ काढली तर कुठे बिघडलं? बाळ येऊ दे, मग दाखवीन की साऱ्या जगाला पाय.

ताई, तुम्हाला वाटत असेल बाई हट्टी आहे. आहेच. पण कारण ऐका. अश्लेषाच्या वेळी माझी आई काविळीने अंथरुणाला खिळली होती. दवाखान्यात माझ्या उशाशी कुणी नव्हतं. मोठ्या जाऊबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या, त्याही सारख्या घड्याळ बघत. मी आई आई करून घसा फोडला आणि नर्स म्हणाली, की बाई, आवाज कमी. अश्लेषाला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा आनंदापेक्षा मला रडूच जास्त आलं. तेव्हाच ठरवलं होतं, हिची वेळ येईल तेव्हा मी बाहेर बाकावर नसणार, आत तिच्या उशाशी असणार. इतकंच मागते आहे मी. एकदा मला हॉस्पिटलात नेऊन झोपवलं, की बाळंतपण इकडे आणि मी तिकडे. म्हणून म्हणते, मला त्या खोलीत असू द्या.

शनिवार उद्याच आहे हे मला कळतं. तुम्ही सांगणार नाही हेही कळतं. माणूस विहिणीवर नाही तर कुणावर विश्वास ठेवणार?

पायाचं होईल ते होवो, तुमची माया अशीच असू द्या.

तुमची,
सुहासिनी


नाशिक,
शनिवार, दि. ८ मार्च २०२५

सौ. सुहासिनीताई यांसी,
स. न. वि. वि.

सकाळी आपले पत्र वाचले. मांडीपर्यंत आल्याचे वाचून हातातला चहा तसाच राहिला. कुणालला फोन केला, तो म्हणाला, एक दिवस थांबायचे नाही. मग मी राजसला फोन केला आणि सारे सांगितले. स्पीकर बंद ठेवून.

आपण विश्वास टाकलात आणि मी तो मोडला. मला दुःख आहे, पश्चात्ताप नाही. खोलीत राहायचे तर आधी जगात राहावे लागते.

माझ्यावर खूप रागवा. पण धड पायांवर उभे राहून रागवा. आपण बोलणे टाकलेत तरी मी टाकणार नाही.

आपली,
मंजूषा


उइटहॉर्न,
शुक्रवार, १४ मार्च २०२५

श्रीमती मंजूषाताई यांसी,
न. वि. वि.

'सा.' मुद्दाम गाळलाय. राग अजून गेलेला नाही. आठवडाभर लिहायचंच नाही असं ठरवलं होतं, पण इथे माझ्या मनातलं ऐकणारं दुसरं आहे कोण?

तुमचा फोन झाला आणि राजसराव जिना उतरून आले. मी कणीक मळत होते. त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं आणि पाय दाखवा म्हणाले. अश्लेषा वरून हे सगळं ऐकत होतीच. पोट सांभाळत खाली आली आणि जी रडली, जी रडली! म्हणाली, की आई, तू मला लहान समजतेस का, उद्या मी कुणाची तरी आई होणार आहे. मलाही रडू आलं. कणीक तशीच वाळली. शेवटी त्या दिवशी आम्ही ब्रेड खाल्ला.

शनिवार होता तरी त्यांनी सुट्टीच्या दवाखान्यात फोन लावला. धाप आहे का, ताप आहे का, असं वीस मिनिटं विचारून त्यांनी सोमवारी सकाळी घरच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं आणि काही वाढलं तर लगेच या म्हणाले. इथे या घरच्या डॉक्टरला हाउसआर्ट्स म्हणतात, त्याच्या चिठ्ठीशिवाय पान हलत नाही. आमची हाउसआर्ट्स तरुण मुलगी निघाली. हात मिळवला, नाव सांगितलं आणि पटकन जमिनीवर बसून माझा पाय तिने मांडीवर घेतला. अंगठ्याने दाबत दाबत वर गेली आणि रेघ जिथे संपते तिथे पेनने खूण केली. तेलाने रगडत होते हे राजसरावांनी सांगून टाकलं, तेव्हा तिने नुसतंच माझ्याकडे बघितलं. मला शाळेत असल्यासारखं झालं.

तिथून लगेच आम्स्टेलवेनला हॉस्पिटलात सोनोग्राफी. कुणालने सांगितलं होतं तसंच निघालं. गुठळी कातडीजवळच्या शिरेतच आहे, पण लांबलचक, पोटरीपासून पार मांडीपर्यंत. खोल शीर मोकळी आहे. पण वरचं टोक जांघेतल्या त्या सांध्याच्या बऱ्यापैकी जवळ आलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी बोटांनी अंतर दाखवलं. म्हणाले, वेळेवर आलात.

उपाय ऐका. रक्त पातळ राहायचं इंजेक्शन, रोज एक, पोटाच्या कातडीत, सहा आठवडे. त्याने गुठळी वाढत नाही आणि मग शरीर तिला आपलं आपण जिरवतं. ठणका फार वाटला तर पॅरासिटामॉल. अँटिबायोटिक नाही. प्रतापराव तिकडून फोनवर ओरडत होते, की साधं अँटिबायोटिक देत नाहीत म्हणजे कसला देश! डॉक्टरीण म्हणाली, जंतूच नाहीत तर मारायचं कुणाला? इंजेक्शन मी माझं मीच घेते. पोटाची चिमूट धरायची आणि टोचायचं. चिमटीला काही कमी नाही, देवाच्या दयेने!

आणि चालायचं. मला वाटलं होतं झोपवून ठेवतील. छे! रोज चाला, जमेल तितकं चाला. विमानाचं मी घाबरत घाबरत विचारलं, तर म्हणाली, की इतक्यात लांबच्या विमानात बसण्याचं नावही काढायचं नाही. बघा म्हणजे! ज्या विमानाच्या भीतीने मी पाय झाकून हिंडत होते, त्या विमानात मला कुणी बसूच देणार नव्हतं.

आता घोडं अडलंय ते मोज्यावर. सूज उतरायला घट्ट मोजा दिलाय, पुढून बोटं उघडी असलेला. तो सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी चढवायचा. पण इतका घट्ट की मला स्वतःला वाकून चढवता येत नाही. अश्लेषाला या दिवसांत वाकता येत नाही. इथे म्हाताऱ्या माणसांना मोजे चढवायला सकाळी सायकलवरून बायका येतात म्हणे, पण माझ्यासारख्या पाहुणीला ते मिळत नाही. म्हणून राजसराव पुढे आले. मी पाय पांघरुणात ओढून घेतला. अहो, जावई! लग्नात आम्ही उभयतांनी ज्यांचे पाय चांदीच्या ताम्हनात धुतले, त्यांच्या मांडीवर मी माझा पाय ठेवू? ते तीन दिवस रोज विचारताहेत, मी तीन दिवस नाही म्हणते आहे. मोजा कपाटात पडलाय. पाय संध्याकाळी भोपळ्यासारखा होतो आणि मग माझी चालायची हिंमतच होत नाही. अश्लेषा चिडली आहे. ती म्हणते, तू चालली नाहीस, पाय असाच सुजत राहिला, तर माझ्या वेळी तुला उभं तरी राहता येईल का?

तिचं खरं आहे. पण मी काय करू? तुमच्याच मुलाबद्दल तुम्हालाच विचारते आहे, बघा माझी पंचाईत. राग थोडा उरलाय, पण लोभ त्याहून जास्त आहे, तोच धरून चाला.

तुमची,
सुहासिनी


नाशिक,
रविवार, दि. १६ मार्च २०२५

सौ. सुहासिनीताई यांसी,
मंजूषाचा सा. न. वि. वि.

'सा.' माझ्याकडून मुद्दाम घातला आहे. वेळेवर गेलात हे वाचून देवापुढे साखर ठेवली.

मोज्याविषयी. मी वरमाय आहे. जावयाच्या मानाचा प्रश्न निघाला, तर त्याचा निकाल द्यायचा अधिकार माझा. तो मी देते, आणि त्यावर अपील नाही. मोजा राजसने चढवावा, रोज सकाळी, आपण उठण्यापूर्वी. आपण पाय पांघरुणात ओढायचा नाही.

हा झाला हुकूम. आता एक गोष्ट सांगते, जी आपणांस कुणी सांगितलेली नसणार. राजसचे वडील दिलीप शेवटचे वर्षभर अंथरुणावर होते. त्यांच्या पायांवर फार सूज असे. नर्स ठेवली होती, पण तिच्या हाताने त्यांना दुखायचे, ते चिडायचे. राजस तेव्हा कॉलेजात होता. एका सकाळी त्याने नर्सला बाजूला केले आणि वडिलांचा पाय मांडीवर घेऊन मोजा चढवला. इतका हळू, की त्यांना कळलेही नाही. त्यानंतर शेवटपर्यंत ते काम त्याचेच होते. दोघेही बोलायचे नाहीत, क्रिकेटचा स्कोअर तेवढा एकमेकांना सांगायचे. ते गेल्यावर राजस महिनाभर पहाटे उठून त्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहायचा. मी त्याला कधी काही विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. त्यामुळे त्याला हे काम जमते की नाही याची काळजी करू नका. आणि त्याला कमीपणा वाटेल याची तर मुळीच करू नका. उलट आपण नाही म्हणता तेव्हा त्याला काय वाटत असेल, ते मला इथे बसून कळते.

आपण त्याचे पाय धुतलेत ते तो वर होता म्हणून. आता तो मुलगा आहे. मुलाने आईच्या पायाला हात लावायला मुहूर्त लागत नाही.

एक युक्ती. दिलीपना आम्ही असेच करायचो. आधी पावलावर गुळगुळीत रेशमाचा तुकडा गुंडाळायचा, जुन्या ब्लाउजपीसचा चालेल. त्यावरून मोजा सरसर चढतो. चढला की बोटांकडून तुकडा ओढून काढायचा. मोजा गरम पाण्यात धुऊ नका, हीटरवर वाळत घालू नका, त्याचा ताण जातो.

चाला. आपण त्या खोलीत असायला हवे आहात आणि मलाही आपण तिथे हव्या आहात. मी इथे असेन. माझ्या वाटणीचे उशाशी बसणेही आपल्यालाच करायचे आहे. एवढी माया ठेवा.

आपली,
मंजूषा


उइटहॉर्न,
सोमवार, ३१ मार्च २०२५

प्रिय मंजूषाताई,
सा. न. वि. वि.

आजीबाई, अभिनंदन! नात पाहिलीत फोटोत. नाक तुमचं, आवाज माझा, यात आता वाद नाही. व्हिडिओ कॉलवर तुम्ही फक्त रडत होतात. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मोज्याचं. तुमचा हुकूम वाचला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राजसराव चहा घेऊन आले, तेव्हा मी पांघरूण बाजूला करून बसले होते. पेटीतला जांभळा रेशमी ब्लाउजपीस काढून ठेवला होता. त्यांनी तो बघितला आणि थबकलेच. आईने सांगितलं का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. मग खाली बसले, पाय मांडीवर घेतला आणि कामाला लागले. पहिल्या दिवशी मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि ते गालिच्याकडे. वरून शिफोल विमानतळाची विमानं जात होती, त्यावर आम्ही दोघं बोललो, म्हणजे हे कुठलं असेल आणि ते कुठलं असेल. आठवड्याने एका सकाळी त्यांनी आपण होऊन वडिलांबद्दल सांगितलं. हात चालू होते, मान खाली होती. मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. आता मी त्यांना राजसराव म्हणत नाही. अरे राजस म्हणते. चालेल ना? चालायलाच हवं, निकाल तुमचाच आहे.

मोज्याने सूज उतरली. शीर अजून हाताला कडक लागते, पण लाली गेली, ठणका गेला. दुसऱ्या सोनोग्राफीत टोक जिथल्या तिथे, वर सरकलेलं नाही. मी रोज आम्स्टेल नदीच्या काठाने चालत होते. आधी पुलापर्यंत, मग पुलाच्या पलीकडे.

आता गुरुवारचं ऐका. सकाळी राजस माझ्या पायाशी बसला होता, मोजा अर्धा चढलेला, आणि वरून अश्लेषाची हाक आली. पाणमोट फुटली होती. तो मोजा तसाच सोडून उठला. तर ही बया वरून ओरडते, की आधी आईचा मोजा पुरा कर, मला अजून खूप तास लागणार आहेत आणि तिला तासन्‌तास उभं राहायचंय! त्याने परत खाली बसून तो पुरा केला. मग सुईणबाई आल्या, तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाल्या आणि अश्लेषाला सांगितलं, वेळ आहे, चालत राहा.

मला हसूच आलं. दोघींना एकच औषध! मग मायलेकी निघालो नदीकाठी. ती कळ आली की थांबायची, माझा खांदा धरायची. मी तिचं वजन पेलायची, दोन्ही पायांवर. कळ गेली की पुढे. येणारे-जाणारे सायकलवाले हात करत होते. मध्येच तिने विचारलं, आई, तुझा पाय दुखतोय का? अशा वेळी हिला माझ्या पायाचं पडलंय! नाही दुखत म्हटलं, आणि खरंच दुखत नव्हता.

दुपारनंतर कळा वाढल्या. वर गेलो. राजस एका बाजूला, मी उशाशी. शेवटी शेवटी तिने आई म्हणून जी हाक मारली, ताई, तशीच हाक मी तिच्या वेळी मारली होती आणि ओ द्यायला कुणी नव्हतं. मी ओ दिली. पुन्हा पुन्हा दिली. सुईणबाईंनी मला आवाज कमी करायला सांगितलं नाही. बाळ रडलं, सुईणबाईंनी ते तसंच उचलून अश्लेषाच्या छातीवर ठेवलं, आणि अश्लेषाने वर बघून मला विचारलं, बघितलंस? मी बघितलं. सगळं बघितलं.

आता इथली पद्धत अशी, की बाळ झालं की टोस्टवर लोणी आणि गुलाबी बडीशेपेच्या गोळ्या घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला द्यायच्या. कालच्या पाडव्याला श्रीखंडाबरोबर तेही वाटलं. रोज सकाळी एक बाई येते, बाळाला आणि बाळंतिणीला बघायला, सरकारीच पद्धत आहे. तिला आमची मालिश पटत नाही आणि मला तिचं बाळाला इतकं कमी गुंडाळणं पटत नाही. पण दोघी चहा एकत्र पितो.

इंजेक्शनं संपेपर्यंत मला विमानात बसायचं नाही, म्हणून माझं तिकीट मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ढकललंय. म्हणजे तुम्ही याल तेव्हा मी इथेच. पाहुण्यांच्या खोलीत दोन पलंग होतील. तुम्ही घोरत असाल तर आत्ताच कळवा. आणि येताना विमानात पाय लोंबकळत ठेवून बसू नका, दर तासाला उठून चाला, पाणी पीत राहा. हे मी सांगत नाही, बजावते आहे.

एक सांगायचं राहिलं. त्या शनिवारी तुम्ही राजसला फोन केलात, तेव्हा मी मनात तुम्हाला फार बोलले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी बोटांनी जे अंतर दाखवलं होतं, ते गुरुवारी उशाशी उभी असताना मला सारखं डोळ्यांपुढे येत होतं. अजून तीन आठवडे मी कळ काढणार होते, ताई. बाळ येईपर्यंत. तुम्ही माझी शपथ पाळली असतीत, तर पोरीने हाक मारली तेव्हा ओ द्यायला मी नसते.

लवकर या. नात वाट बघते आहे, आणि मीही.

तुमची,
सुहासिनी